टपाल सरकारचे, बोट कंपनीची, पैसा रयतेचा

‘टायटॅनिक’च्या नावाआधी लागणारी ‘आरएमएस’ ही तीन अक्षरे बहुतेकांच्या परिचयाची आहेत. त्यांचा अर्थ मात्र सहसा कोणी विचारत नाही. ‘रॉयल मेल स्टीमर’, म्हणजे ब्रिटिश सरकारचे टपाल वाहून नेणारी आगबोट. एप्रिल १९१२ मध्ये ही बोट बुडाली तेव्हा तिच्यावर टपालाच्या तीन हजारांहून अधिक पिशव्या आणि पाच टपाल कर्मचारी होते. त्या पाचांपैकी एकही वाचला नाही. प्रवासी, ऐषआराम आणि हिमनग यांच्या कथेत झाकून गेलेले हे टपालच त्या काळातील अनेक बड्या जहाज कंपन्यांचा आर्थिक कणा होते. कारण टपालामागे सरकारचे कंत्राट असे आणि कंत्राटामागे अनुदान.

अनुदानाची गरज का पडली?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आगबोट हे वेगवान, पण अतिशय खर्चिक वाहन होते. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळे. आगबोटीला कोळसा लागे, आणि तो साठविण्यात मालाची बरीचशी जागा खर्ची पडे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही ४११ टनांची आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुवेझकडे निघाली आणि महिन्याभराहून थोड्या अधिक दिवसांत तेथे पोहोचली. समुद्रमार्ग शक्य आहे हे त्यातून सिद्ध झाले, तसेच तो किती महागडा आहे हेही. एडनसारख्या थांब्यांवर आधी शिडाच्या जहाजांनी कोळसा नेऊन ठेवावा लागे, तेव्हा कुठे आगबोट पुढे जाई. असा धंदा केवळ भाड्याच्या उत्पन्नावर उभा राहणे शक्य नव्हते.

सरकारला मात्र नियमितपणा हवा होता. साम्राज्याचे हुकूम, सैन्याची पत्रे आणि व्यापाऱ्यांच्या हुंड्या ठरलेल्या दिवशी पोहोचणे, हीच राज्यकारभाराची गरज होती. त्यातून एक सौदा आकाराला आला. कंपनीने ठरावीक दिवशी, ठरावीक वेगाने बोट सोडायची, उशीर झाल्यास दंड भरायचा आणि युद्धप्रसंगी बोट सरकारच्या उपयोगी पडेल अशी ठेवायची. बदल्यात सरकारने दरवर्षी ठोक रक्कम द्यायची. ब्रिटनमध्ये ही कंत्राटे प्रारंभी टपाल खात्याकडे नव्हे, तर नौदल खात्याकडे होती. १८६० मध्ये ती टपाल खात्याकडे आली.

दोन कंपन्या, दोन वाटा

१८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या टपालाचे कंत्राट मिळविणाऱ्या कंपनीने पुढे पूर्वेकडे पावले वळविली. १८४० च्या अखेरीस तिला राजसनद मिळाली आणि ‘पेनिन्शुलर अँड ओरिएंटल’, म्हणजेच ‘पी अँड ओ’, हे नाव रूढ झाले. त्याच वर्षी सॅम्युअल क्युनार्ड यांच्या ‘ब्रिटानिया’ने लिव्हरपूलहून अमेरिकेकडे पहिली फेरी केली. क्युनार्ड यांचे सूत्र साधे होते : वेगापेक्षा सुरक्षितता महत्त्वाची.

अमेरिकेने याच्या उलट वाट धरली. १८५० मध्ये सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीला वर्षाला ३ लाख ८५ हजार डॉलर मिळत. क्युनार्डला वेगात मागे टाकण्याच्या ईर्षेपोटी १८५२ मध्ये ही रक्कम ८ लाख ५८ हजारांवर नेण्यात आली. बोटी वेगवान ठरल्या, पण २७ सप्टेंबर १८५४ रोजी ‘आर्क्टिक’ धुक्यात एका फ्रेंच बोटीवर आदळून बुडाली. तिच्यावरील एकही स्त्री वा बालक वाचले नाही. मृतांत कंपनीचे मालक एडवर्ड कॉलिन्स यांची पत्नी आणि दोन मुलेही होती. १८५६ मध्ये ‘पॅसिफिक’ समुद्रात बेपत्ता झाली. त्यानंतर अमेरिकी काँग्रेसने वाढीव रक्कम काढून घेतली आणि १८५८ मध्ये कंपनी बंद पडली. अनुदान हाच ज्या धंद्याचा पाया, तो अनुदान घटताच कोसळतो, हा धडा त्यातून मिळाला.

कंत्राटापुढे कालवाही हरला

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझ कालवा खुला झाला. आता टपाल थेट बोटीनेच जाईल, असे कोणालाही वाटावे. प्रत्यक्षात ‘पी अँड ओ’च्या करारानुसार टपालाच्या पिशव्या अलेक्झांड्रियाला उतरवून रेल्वेने सुवेझला न्याव्या लागत आणि तेथे पुन्हा बोटीवर चढवाव्या लागत. रेल्वे अधिक जलद, असे टपाल खात्याचे म्हणणे होते. कालव्यातून टपाल नेण्याची मुभा मिळविण्यासाठी कंपनीला अनुदानातील कपात मान्य करावी लागली. काळ बदलला तरी करारातील कलमे बदलत नाहीत, याचे हे ठळक उदाहरण.

मुंबईला या व्यवस्थेचा मोठा लाभ झाला. १८५० च्या दशकापर्यंत मुंबई-सुवेझ टपाल ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच्या बोटींनी चालवीत असे. नंतर ते काम ‘पी अँड ओ’कडे गेले. १८६० च्या दशकाच्या अखेरीस विलायतेचे टपाल दर आठवड्याला मुंबईत येऊ लागले. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला आणि मुंबई हे हिंदुस्थानच्या टपालाचे महाद्वार बनले. लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या नावात आजही टिकून असलेला ‘मेल’ हा शब्द त्याच टपालाची खूण आहे.

टाटांचा सवाल

या अनुदानाची दुसरी बाजू १८९३ मध्ये उघड झाली. मुंबईच्या गिरण्यांचे सूत आणि कापूस पूर्वेकडे नेणाऱ्या कंपन्यांचे भाडे जमशेटजी टाटा यांना अवाजवी वाटले. त्यांनी जपानच्या निप्पॉन युसेन कैशाशी हातमिळवणी करून स्वतःची बोटसेवा सुरू केली. ‘पी अँड ओ’ने भाडे इतके खाली आणले की अल्पावधीतच टाटांना माघार घ्यावी लागली. ज्या कंपनीला टपालासाठी हिंदुस्थानच्या तिजोरीतूनही पैसा जातो, तिने त्याच बळावर हिंदुस्थानी उद्योजकाला बुडवावे काय, हा प्रश्न तेव्हापासून धगधगत राहिला. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंधियाची ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाली, तेव्हाही तिची गाठ अशाच बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांशी होती.

प्रश्न आजचाही

टपालाच्या आगबोटी इतिहासजमा झाल्या, पण सौदा जुनाच आहे. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेत तोट्यातील हवाई मार्गांसाठी कंपन्यांना मर्यादित काळ निधी दिला जातो. महाराष्ट्रातील नांदेड, जळगाव, कोल्हापूर यांना या योजनेने विमान दाखविले. मात्र २०२३ मधील महालेखापरीक्षकांच्या अहवालानुसार मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ मार्गच सुरू झाले आणि त्यांतील ११२ मार्गांनीच तीन वर्षांचा सवलतीचा काळ पूर्ण केला.

दुर्गम ठिकाणी सेवा पोहोचवायची तर सुरुवातीला सरकारला हात द्यावाच लागतो. ‘ह्यू लिंडसे’च्या काळी ते खरे होते, आजही आहे. प्रश्न असतो तो हात केव्हा आणि कोणत्या अटीवर काढून घ्यायचा याचा. क्युनार्ड आणि ‘पी अँड ओ’ कंत्राटाच्या आधाराने पायावर उभ्या राहिल्या, कॉलिन्स त्याच आधाराला टेकून पडली. कराराची कलमे लिहिताना हा फरक ध्यानात ठेवला, तर रयतेचा पैसा सत्कारणी लागण्याची शक्यता वाढते.