कुत्रा पंजे का चावतो?

फिरून आल्यावर पंजा दोन-चारदा चाटणे ही कुत्र्याची नेहमीची साफसफाई. पण शिह त्झू, पग किंवा पॉमेरेनियनसारखे छोटे कुत्रे रोज बराच वेळ पंजे कुरतडत बसले, तर त्यामागे बहुधा खाज किंवा दुखणे असते. घरची माणसे त्याला खोड समजून रागावतात आणि कारण शोधायचे राहून जाते.

आधी पाहायचे ते किती पंजे चावले जातात हे. एकच पंजा अचानक चावला जाऊ लागला, तर कारण बहुतेक त्या पंजातच सापडते: मोडलेले नख, काचेचा कण, तापलेल्या डांबरावर भाजलेली गादी. पावसाळा सरल्यावर माळावरचे आणि मोकळ्या प्लॉटवरचे गवत वाळते, त्याची कुसळे सुटतात. कुसळ पुढे सरकते, मागे येत नाही. बोटांच्या बेचकीतून ते कातडीत शिरते, वर लाल गाठ येते आणि तिच्यातून पू झिरपत राहतो. लांब केसांत हे लवकर दिसत नाही. आत गेलेले कुसळ घरी चिमट्याने उकरू नये. ते आणखी खोल जाते.

एकाहून अधिक पंजे चावले जात असतील, तर पहिला संशय ॲलर्जीचा. धुळीतले माइट्स, परागकण आणि बुरशीचे बीजाणू यांनी माणसाला शिंका येतात. कुत्र्याला प्रामुख्याने खाज सुटते, पंजांना, कानांना, बगलेत आणि पोटावर. हा त्रास बहुधा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होतो. फरशी पुसायच्या फिनाईलनेही काहींचे पंजे चुरचुरतात. कधी चिकन, बीफ किंवा दूध बाधते. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्ततपासणी भरवशाची नाही. किमान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी न खाल्लेल्या प्रथिनाचा आहार द्यायचा, मग जुने अन्न पुन्हा देऊन पाहायचे. या काळात पोळीचा तुकडाही चालत नाही, आणि घरातले कोणीतरी हळूच बिस्किट सरकवते म्हणून ही चाचणी अनेकदा फसते.

सतत ओल्या राहिलेल्या बेचकीत मॅलासेझिया नावाचे यीस्ट फोफावते. त्याने खाज वाढते, खाजेने चाटणे वाढते आणि मूळ ॲलर्जी बाजूला राहून हेच चक्र चालू राहते. पंजाला कुबट वास येतो, नखांच्या मुळाशी तपकिरी थर साचतो. पांढऱ्या केसांवर येणारा तांबूस रंग मात्र लाळेतल्या पोर्फिरिनचा असतो. केस गळून पंजा सुजला असेल, तर डेमोडेक्स या माइटसाठी पशुवैद्य त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

घरी करण्याजोगे सर्वांत उपयोगी काम म्हणजे फिरून आल्यावर साध्या पाण्याने पंजे धुणे आणि बेचक्या टॉवेलने पूर्ण कोरड्या करणे. पावसाळ्यात धुण्यापेक्षा कोरडे करणे महत्त्वाचे. बोटांमधले केस कापून आखूड ठेवावेत. यीस्ट किंवा जंतुसंसर्ग असेल, तर प्राण्यांसाठीचे क्लोरहेक्सिडीनचे वाइप्स दिले जातात. पिसवांचे औषध वर्षभर चालू ठेवावे. माणसांची स्टेरॉइड मलमे आणि टी ट्री ऑइल चाटले जाऊन पोटात जाते, म्हणून लावू नये. आयबुप्रोफेन तर छोट्या कुत्र्याला विषासमान.

एवढ्याने भागले नाही, तर खाज थांबवणारी ऑक्लासिटिनिबची गोळी किंवा लोकिव्हेटमॅबचे साधारण महिनाभर पुरणारे इंजेक्शन पशुवैद्य सुचवतात. ही गोळी एक वर्षाखालील पिल्लांना देत नाहीत. गळ्यातली नरसाळ्यासारखी कॉलर जखम भरेपर्यंत उपयोगी. खाज ती थांबवत नाही.

कंटाळा किंवा एकटेपणाची भीती हे कारण तपासण्यांत काही न सापडल्यावरच धरावे. दिवसभर बंद फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कुत्र्याला लांब फेरी, चघळायची खेळणी, वास हुंगून शोधायचा खाऊ यांनी फरक पडतो. चावताना ओरडू नये. ओरडण्यातूनही त्याला हवे ते लक्ष मिळते.