संघनिवड आणि राखीव खेळाडू : राष्ट्रीय कबड्डी संघाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत २३ ऑगस्ट २०१८ रोजी पुरुष कबड्डीच्या उपान्त्य सामन्यात इराणने भारताचा २७-१८ असा पराभव केला. १९९० मध्ये बीजिंग येथे कबड्डीचा या स्पर्धेत समावेश झाल्यापासून २०१४ पर्यंतची सातही सुवर्णपदके भारताने मिळविली होती. दुसऱ्याच दिवशी महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणने भारताला २७-२४ असे नमविले. त्या विजयी इराणी महिला संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, ही गोष्ट महाराष्ट्रातील कबड्डीप्रेमींच्या मनात एकाच वेळी अभिमान आणि खंत निर्माण करून गेली.

या दोन पराभवांनंतर जी चर्चा झाली ती प्रामुख्याने 'कोणाला घेतले आणि कोणाला वगळले' या प्रश्नाभोवती फिरत राहिली. हा प्रश्न गैरलागू नाही. तथापि सातजण मैदानावर आणि पाचजण बाहेर अशी ज्या खेळाची रचना आहे, त्या खेळात बाहेरच्या पाच जागा कोणत्या विचाराने भरल्या जातात आणि स्पर्धा चालू असताना त्यांचा उपयोग केव्हा केला जातो, याचा विचार त्या चर्चेत फारसा झाला नाही. प्रस्तुत लेखात या दुर्लक्षित बाजूचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. महाविद्यालयीन व विद्यापीठीय संघ निवडताना हाच प्रश्न नांदेड-लातूर परिसरातील प्राध्यापकांसमोरही दरवर्षी उभा राहतो, म्हणून त्याला स्थानिक महत्त्वही आहे.

राखीव खेळाडूचे नियमांतील स्थान

कबड्डीचे नियम महाराष्ट्र व बडोदा परिसरात आकाराला आले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये नियम प्रसिद्ध केले, त्या सुमारास संजीवनी, गनिमी आणि अमर असे या खेळाचे निरनिराळे प्रकार खेळले जात. गनिमीत बाद झालेला गडी आपला सगळा संघ बाद होईपर्यंत परतत नसे. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, केवळ गुण मोजला जाई. संजीवनीत प्रतिपक्षाचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होई. आजची कबड्डी या संजीवनीवर उभी आहे.

या इतिहासाचा राखीव खेळाडूशी निकटचा संबंध आहे. संजीवनीच्या तत्त्वामुळे कबड्डीत वस्तुतः दोन बाक तयार होतात. एका बाकावर बाद झालेले आणि परत येण्याची वाट पाहणारे खेळाडू असतात, तर दुसऱ्यावर पाच राखीव. विश्रांतीच्या काळात किंवा मध्यंतराला पंचांच्या परवानगीने राखीव खेळाडू आत घेता येतो, बाहेर गेलेला खेळाडू पुन्हा परतही येऊ शकतो. मात्र बाद होऊन बसलेल्या खेळाडूच्या जागी राखीव खेळाडू पाठविता येत नाही. त्याचप्रमाणे निलंबित वा अपात्र ठरलेल्या खेळाडूच्या जागीही बदली मिळत नाही.

या एका तरतुदीमुळे प्रशिक्षकाचे सारे गणित बदलते. संघाचे दोन-तीनच गडी मैदानावर उरले असून लोण पडण्याच्या बेतात आहे, अशा वेळी राखीव खेळाडूची सर्वाधिक गरज भासते. नेमक्या त्याच वेळी तो सर्वांत कमी उपयोगी असतो, कारण उरलेल्या दोघा-तिघांपैकीच कोणाला तरी बाहेर काढून त्याला आत घेता येते. म्हणजे कबड्डीतील राखीव खेळाडू संकट येण्यापूर्वी, सहा-सात गडी मैदानावर असताना वापरावा लागतो. सामना हातात आहे असे वाटत असताना नावाजलेल्या खेळाडूला बाहेर बोलावण्याचे धैर्य फार थोड्या प्रशिक्षकांत असते. प्रेक्षकांनाही ते रुचत नाही, आणि खेळाडूला तर तो अपमानच वाटतो.

जकार्ता, २०१८

जून २०१८ मध्ये दुबई येथील स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला ४४-२६ असे सहज हरविले होते. त्या संघातील सुरेंदर नाडा, मनजीत छिल्लर आणि सुरजित हे तिघेही जकार्ताच्या बारा जणांत नव्हते. जकार्ताच्या संघात अजय ठाकूर, प्रदीप नरवाल, राहुल चौधरी, रिशांक देवाडिगा, मोनू गोयत व रोहित कुमार असे सहाजण मुख्यतः चढाईसाठी ओळखले जाणारे होते. दीपक हुडा व संदीप नरवाल हे अष्टपैलू. उरलेल्या चार जागा गिरीश इर्नाक, मोहित छिल्लर, राजूलाल चौधरी आणि मल्लेश गंगाधरी या बचावपटूंकडे होत्या.

बाराजणांत सहा चढाईपटू असूनही उपान्त्य सामन्याच्या चाळीस मिनिटांत भारताला केवळ १८ गुण मिळाले, हा विरोधाभास लक्षणीय आहे. पराभवाचे खापर वगळलेल्या बचावपटूंच्या अनुपस्थितीवर फोडणाऱ्यांनी या आकड्याकडे पुरेसे पाहिले नाही असे म्हणावे लागते. इराणचे फजल अत्राचली आणि अबोझर मिघानी हे कोपरारक्षक प्रो कबड्डी लीगमध्ये याच भारतीय चढाईपटूंबरोबर व त्यांच्याविरुद्ध खेळलेले होते. प्रदीप नरवालची डुबकी आणि अजय ठाकूरची बेडूकउडी या शैली एकमेकींपासून भिन्न खऱ्याच, परंतु इराणच्या बचावाला त्यांपैकी एकही अनोळखी नव्हती. अशा स्थितीत बाकावर आणखी एक नामवंत चढाईपटू असणे म्हणजे त्याच कुलपाला तशीच दुसरी किल्ली लावून पाहणे होय. त्यातच कर्णधार अजय ठाकूर सामन्यात जखमी झाला आणि चढाईपटूबरोबर मैदानावरचा निर्णय घेणाराही बाहेर गेला.

येथे एक पूर्वसूचना मिळाली होती, हेही नमूद केले पाहिजे. गटातील सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २४-२३ असे हरविले होते. त्यानंतर थायलंडविरुद्ध ४९-३० असा विजय मिळाला. दुबळ्या प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा असा मोठा विजय राखीव खेळाडूंना सामन्याची सवय लावण्यासाठी वापरता येतो. उलट त्यामुळे आधीच्या पराभवाचा विसरही पडू शकतो.

निवडीचा वाद पुढे न्यायालयातही पोहोचला. माजी खेळाडूंच्या याचिकेवरून दिल्ली उच्च न्यायालयाने आशियाई स्पर्धेतील संघ आणि वगळले गेलेले खेळाडू यांच्यात सामना घेण्याचे निर्देश दिले. १५ सप्टेंबर २०१८ हा दिवस ठरला, पण आशियाई स्पर्धेतील खेळाडू त्या सामन्याला आलेच नाहीत. संघनिवडीसारखी तांत्रिक बाब न्यायालयाच्या दारात जावी हे निवड समितीच्या कारभारावरील भाष्यच आहे. तथापि असा सामना झाला असता तरी त्यातून फार तर सात विरुद्ध सात यांचे बळ कळले असते. पाच राखीव जागांमागील विचार योग्य होता की नाही, हे त्यातून कसे कळणार होते?

रग्बीतील एक बोलके उदाहरण

बाकाचा विचार निवडीच्या केंद्रस्थानी ठेवणारा संघ पाहावयाचा असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या रग्बी संघाकडे वळावे लागते. भारतात, आणि पुण्या-मुंबईचा अपवाद सोडल्यास महाराष्ट्रातही, हा खेळ फारसा परिचित नाही, म्हणून थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. रग्बीत पंधराजण खेळतात. त्यांपैकी आठ 'फॉरवर्ड' म्हणजे अंगबळाने चेंडू मिळविणारे आणि सात 'बॅक' म्हणजे तो घेऊन धावणारे वा लाथाडणारे असतात. बाकावर आठजण असतात. सर्वसाधारणपणे त्यांत पाच फॉरवर्ड व तीन बॅक ठेवण्याची रीत आहे. दक्षिण आफ्रिकेने २०१९ च्या विश्वचषकात हे प्रमाण सहास दोन केले, तर २०२३ मध्ये काही सामन्यांत सातास एक. अंगमेहनतीने थकणारे फॉरवर्ड उत्तरार्धात जवळजवळ सगळेच ताजे मिळावेत, हा त्यामागील हेतू. एकाहून अधिक बॅक जखमी झाले तर काय, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो रास्तच होता.

याच २०२३ च्या स्पर्धेत एक अधिक धाडसी निर्णय घेतला गेला. माल्कम मार्क्स हा संघातील प्रमुख हुकर, म्हणजे स्क्रमच्या पहिल्या फळीत मध्यभागी खेळणारा खेळाडू, जखमी होऊन स्पर्धेबाहेर गेला. त्याच्या जागी दुसरा हुकर न घेता हँड्रे पोलार्ड हा फ्लाय-हाफ, म्हणजे खेळ चालविणारा व गोलावर लाथ मारणारा खेळाडू, संघात आणला गेला. त्यामुळे बोंगी म्बोनाम्बी हा एकच नियमित हुकर उरला आणि गरज पडल्यास डिऑन फूरी याने ती जागा सांभाळावी असे ठरले. इंग्लंडविरुद्धच्या उपान्त्य सामन्यात पहिला फ्लाय-हाफ मॅनी लिबॉक याला मध्यंतरापूर्वीच बाहेर काढून पोलार्डला आत पाठविण्यात आले. उत्तरार्धात बाकावरून आलेल्या ऑक्स न्चे याने स्क्रममध्ये वर्चस्व गाजविले, बाकावरूनच आलेल्या आर. जी. स्नायमन याने ट्राय केला आणि पोलार्डच्या अखेरच्या पेनल्टीने सामना १६-१५ असा जिंकला.

अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध म्बोनाम्बी पहिल्या काही मिनिटांतच जखमी झाला आणि टीकाकारांनी वर्तविलेला धोका प्रत्यक्षात आला. फूरीला उरलेला जवळजवळ सगळा सामना त्या जागी खेळावा लागला. दक्षिण आफ्रिकेचे सर्व बारा गुण पोलार्डच्या पायातून आले. सामना १२-११ असा सुटला. एका गुणाने जिंकलेला हा सामना एका गुणाने हरला असता तर तोच निर्णय आततायी ठरला असता, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते. बाकावरील प्रत्येक खेळाडू कोणत्या क्षणी आणि कशासाठी आत जाणार याचे उत्तर निवड करणाऱ्यांकडे आधीच तयार होते, आणि उपान्त्य सामन्यात संघ पिछाडीवर असताना लिबॉकला काढावयास ते कचरले नाहीत.

प्रादेशिक प्रतिनिधित्वाचा प्रश्न

अहमदाबाद येथील २०१६ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या चौदा जणांत महाराष्ट्राचा एकही खेळाडू नव्हता. ज्या प्रांताने या खेळाला नियम दिले, बुवा साळवींसारखे संघटक दिले, त्याला जागा नसावी याबद्दल राज्यात नाराजी व्यक्त झाली. पहिल्याच दिवशी दक्षिण कोरियाकडून ३४-३२ असा पराभव झाल्यावर त्या नाराजीला धार आली, पुढे अंतिम सामन्यात इराणवर ३८-२९ असा विजय मिळाल्यावर ती ओसरली. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबाद येथे रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले आणि जकार्ताच्या संघात रिशांक व गिरीश इर्नाक हे दोघे दिसले. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धेत इराणवर ३३-२९ असा विजय मिळवून सुवर्णपदक परत आणणाऱ्या संघात अस्लम इनामदार व आकाश शिंदे होते.

प्रांतवार मागणीचा एक दुष्परिणाम मात्र सहसा बोलला जात नाही. पहिल्या सात जागांबाबत निवड समितीला तडजोड करता येत नाही, कारण तेथील चूक लगेच उघडी पडते. त्यामुळे प्रांत, जिल्हा, संस्था यांचे समाधान करण्याचे सारे ओझे शेवटच्या पाच जागांवर येते. राष्ट्रीय संघापासून जिल्हा संघापर्यंत ही प्रवृत्ती आढळते.

नांदेड-लातूर परिसर आणि विद्यापीठ संघ

१९९४ मध्ये स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. विद्यापीठाचा बाराजणांचा कबड्डी संघ या विस्तृत परिसरातील महाविद्यालयांतून निवडावयाचा असतो. किनवटचा विद्यार्थी आणि निलंग्याचा विद्यार्थी एकमेकांना निवड चाचणीतच प्रथम भेटतात. चाचणीला मिळणारा वेळ थोडा, शिबिराचा काळ मर्यादित. अशा परिस्थितीत निवड समितीच्या डोळ्यांत भरतो तो चढाईपटू, कारण त्याचा गुण सर्वांना दिसतो. पकडीत मात्र कोपऱ्याने घोटा धरला तरी मध्यरक्षकाने वेळेवर धडक दिल्याशिवाय आणि शेजारच्याने साखळी सोडली नाही तरच ती पूर्ण होते. गुणपत्रकावर ही पकड एकाच्याच नावे लागते. साखळीतला दुसरा मुलगा कागदावर कोठेच नसतो, आणि म्हणून यादीतही नसतो.

लहान महाविद्यालयांची अडचण आणखी वेगळी आहे. त्यांना सात चांगले खेळाडू जमविणेच कठीण जाते, उरलेली पाच नावे संख्या भरण्यासाठी येतात. त्या पाचांना वर्षभरात एकदाही सामन्यात उतरविले जात नाही, आणि एखाद्याचा पाय मुरगळला की उपान्त्य सामन्यात त्यांच्यापैकीच एकाकडून चमत्काराची अपेक्षा केली जाते.

याशिवाय ग्रामीण विद्यार्थ्याच्या दृष्टीने यादीतील बारावे नावही क्षुल्लक नसते. संघात नाव म्हणजे प्रमाणपत्र, आणि राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण असल्याने शेतमजुराच्या मुलामुलीला प्रमाणपत्राच्या या वाटेचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. त्यामुळे बाराव्या जागेसाठी येणारी शिफारस ही पुष्कळदा सहावी वा सातवी जागा मागणाऱ्या शिफारशीपेक्षा अधिक आग्रही असते. क्रीडा संचालकाला ती नाकारणे जड जाते, कारण 'तो तसाही बाकावरच बसणार आहे' असा युक्तिवाद तयार असतो.

या युक्तिवादाला उत्तर देण्याचा एक साधा मार्ग उपलब्ध आहे. निवड समितीने यादी जाहीर करताना प्रत्येक राखीव नावासमोर एक ओळ लिहावी : डाव्या कोपऱ्याची बदली, सहा-सात गडी समोर असताना बोनस घेणारा, तिसऱ्या निर्णायक चढाईसाठी, तीन वा कमी गडी उरल्यावर पकडीसाठी. तसेच आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत गुणपत्रकाबरोबर आणखी एक साधा तक्ता ठेवून प्रत्येक पकडीत साखळीत कोण होते याची नोंद करावी. त्यासाठी एक वही आणि रेषेबाहेर बसलेला एक विद्यार्थी पुरेसा आहे, आणि बाकावर बसलेल्या पाचांपैकीच कोणाकडे हे काम दिल्यास तो सामना इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहील.