वेल्डर शिकाऊ उमेदवारी : करार नोंदला गेला, तरच वर्ष मोजले जाते

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये दोन मुले शेजारी शेजारी काम करतात. दोघेही अँगल कापतात, ग्राइंडर चालवतात, काळी काच डोळ्यांसमोर धरून टाके मारतात. त्यांतला एक हेल्पर आहे आणि दुसरा शिकाऊ उमेदवार. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांत फरक दिसणार नाही. वर्ष संपल्यावर मात्र एकाच्या हातात शासनमान्य प्रमाणपत्र असते आणि दुसऱ्याच्या हातात फक्त अनुभव, तोही मालकाने तोंडी सांगितला तरच.

या दोघांमधला फरक एका करारामुळे पडतो. वेल्डर किंवा फॅब्रिकेटर होण्यासाठी शिकाऊ उमेदवारी करायची असेल, तर हा करार कसा होतो, त्यात काय पाहायचे आणि तो झाल्यावर तुम्हाला कोणते हक्क मिळतात, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- शिकाऊ उमेदवारी ही शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार चालते. तो देशभर लागू आहे.
- राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना २०१६ मध्ये सुरू झाली. या योजनेतून विद्यावेतनाचा काही भाग केंद्र शासन देते.
- उमेदवाराची नोंदणी ‘अप्रेंटिसशिप इंडिया’ या शासकीय पोर्टलवर होते. त्यासाठी कोणतेही शुल्क नाही.
- करार पोर्टलवर नोंदलेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही शिकाऊ उमेदवार नाही.

पात्रता

आयटीआयच्या मराठी कागदपत्रांत या व्यवसायाचे नाव ‘संधाता’ असे लिहिलेले असते. संधाता म्हणजेच वेल्डर. आयटीआयमधील हा अभ्यासक्रम एक वर्षाचा असून आठवी उत्तीर्ण विद्यार्थ्याला त्यात प्रवेश घेता येतो.

शिकाऊ उमेदवारीत येण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत.

१. आयटीआय उत्तीर्ण होऊन : तुम्ही मूलभूत कौशल्य शिकलेले असता, त्यामुळे थेट कारखान्यात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षण सुरू होते.

२. आयटीआय न करता, थेट : अशा उमेदवाराला ‘फ्रेशर’ म्हणतात. त्याला आधी मूलभूत प्रशिक्षण दिले जाते आणि त्यानंतर प्रत्यक्ष काम. उदाहरणार्थ, मुंबईच्या माझगाव डॉक या जहाजबांधणी कंपनीच्या शिकाऊ उमेदवार भरतीत आठवी उत्तीर्ण मुलांसाठी स्वतंत्र गट ठेवला जातो आणि त्यात वेल्डर हा व्यवसाय असतो.

वयाची किमान अट १४ वर्षे आहे. धोकादायक उद्योगांशी निगडित व्यवसायांसाठी ती १८ वर्षे आहे. उमेदवार अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने आई-वडील किंवा पालक करार करतात.

जागा कुठे मिळते?

ज्या आस्थापनेत ३० किंवा अधिक माणसे काम करतात, तिला शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. कंत्राटी कामगार धरून एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के इतके उमेदवार तिने घ्यायचे असतात. ४ ते २९ माणसे असलेल्या आस्थापनेला ते ऐच्छिक आहे. त्यामुळे गावाजवळच्या एमआयडीसीतील मध्यम आकाराच्या फॅब्रिकेशन युनिटमध्येही विचारायला हरकत नाही.

कायदा देशभर एकच असल्यामुळे सुरत, वापी, इंदूर, बेळगाव किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मुलालाही याच पोर्टलवर नोंदणी करता येते. नोंदणीसाठी आधार, मोबाइल क्रमांक, ई-मेल, शिक्षणाची कागदपत्रे आणि बँक खात्याचा तपशील जवळ ठेवा.

विद्यावेतन किती आणि कोणाकडून?

२०१९ च्या सुधारित नियमांनी पहिल्या वर्षासाठी ठरवलेले किमान मासिक विद्यावेतन असे आहे :

- पाचवी ते नववी : ५,००० रुपये
- दहावी उत्तीर्ण : ६,००० रुपये
- बारावी उत्तीर्ण : ७,००० रुपये
- आयटीआय प्रमाणपत्रधारक : ७,००० रुपये

प्रशिक्षण एका वर्षाहून अधिक असेल, तर दुसऱ्या वर्षी यात १० टक्के आणि तिसऱ्या वर्षी १५ टक्के वाढ होते. हे किमान दर आहेत. शासन ते वेळोवेळी वाढवू शकते आणि आस्थापना स्वतःहून जास्तही देऊ शकते. म्हणून तुमच्या करारात लिहिलेला आकडा नीट वाचा.

अनेक उमेदवारांचा गोंधळ होतो तो पुढच्या टप्प्यावर. प्रोत्साहन योजनेत सहभागी असलेल्या आस्थापनेत विद्यावेतन दोन ठिकाणांहून येते. किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, केंद्र शासन देते. उरलेली रक्कम आस्थापना देते. ऑगस्ट २०२३ पासून शासनाचा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा केला जातो.

उदाहरण पाहा. करारात ७,००० रुपये लिहिले आहेत. २५ टक्के म्हणजे १,७५० रुपये होतात, पण मर्यादा १,५०० ची आहे. त्यामुळे शासनाकडून १,५०० आणि आस्थापनेकडून ५,५०० रुपये येतील. करार ५,००० रुपयांचा असेल, तर शासनाचे १,२५० आणि आस्थापनेचे ३,७५० रुपये.

खात्यात फक्त ५,५०० रुपये आले, तर मालकाने पैसे कापले असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी बँकेत जाऊन खाते आधारशी जोडलेले आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी सुरू आहे का, हे विचारा. ते नसेल, तर शासनाचा वाटा अडकून राहतो. खाते बरोबर असेल, तर आस्थापनेने त्या महिन्याची हजेरी आणि विद्यावेतन दिल्याची माहिती पोर्टलवर भरली आहे का, हे कार्यालयात विचारा.

आस्थापनेने आपला वाटा पुढील महिन्याच्या १० तारखेपर्यंत द्यायचा असतो. हक्काच्या किरकोळ रजेचे किंवा वैद्यकीय रजेचे पैसे कापता येत नाहीत.

हेल्परला जास्त पैसे मिळतात, मग शिकाऊ उमेदवारी कशाला?

हा प्रश्न घराघरांत विचारला जातो आणि तो योग्यच आहे. हेल्परला अनेक ठिकाणी विद्यावेतनापेक्षा जास्त रोख मिळते. घरात कमावणारा एकच असेल, तर महिन्याचे दोन-चार हजार रुपये फार मोठी गोष्ट असते. निर्णय घेण्यापूर्वी पुढील गोष्टी मांडून पाहा.

हेल्परला मालक काम देतो, पण शिकवण्यास बांधील नसतो. चांगला ग्राइंडर चालवणारा मुलगा वर्षानुवर्षे ग्राइंडरवरच राहू शकतो. शिकाऊ उमेदवाराला अभ्यासक्रमाप्रमाणे शिकवणे हे आस्थापनेवर कायद्याने बंधन आहे.

प्रशिक्षणानंतर अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते आणि ते देशात कुठेही चालते. रेल्वेच्या आस्थापनांत शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या लेव्हल-१ भरतीत २० टक्के जागा ठेवल्या जातात. नुसत्या अनुभवावर त्या जागांसाठी अर्ज करता येत नाही.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. शिकाऊ उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नाही. प्रशिक्षणानंतर नोकरी देण्याचे बंधन आस्थापनेवर नसते, तसेच तिथेच नोकरी करण्याचे बंधन तुमच्यावरही नसते. खोलीभाडे आणि जेवण भागवून विद्यावेतनातून काही उरेल का, याचा हिशेब आधी करा. शक्य असेल तर घरून जाता येईल अशी आस्थापना निवडा.

खरेच शिकवले जात आहे का?

वेल्डिंगचे काम साधारण एका क्रमाने शिकतात. तुमचे प्रशिक्षण त्या क्रमाने पुढे सरकते का, ते पाहत राहा.

- सुरुवातीला मार्किंग, कटिंग, ग्राइंडिंग आणि गुण्या लावून जोड काटकोनात बसवणे.
- मग सपाट प्लेटवर सरळ रेषेत वेल्डिंग. रॉडचा कोन, आर्कची लांबी आणि हाताचा वेग सांभाळणे. दोन थरांच्या मध्ये चिपिंग हातोडीने आणि तारेच्या ब्रशने स्लॅग पूर्ण काढणे.
- त्यानंतर आडवे, उभे आणि डोक्यावरचे वेल्डिंग.
- गॅस कटिंग, तसेच आस्थापनेत उपलब्ध असल्यास सीओटू आणि टिग वेल्डिंग.
- फॅब्रिकेशनसाठी ड्रॉइंग वाचणे, मापे काढणे, आणि उष्णतेने पत्रा वाकू नये म्हणून टाके कोणत्या क्रमाने मारायचे ते ठरवणे.

तीन-चार महिने झाले आणि हातात अजून झाडू व ग्राइंडरच असेल, तर पर्यवेक्षकाला विचारा. रोज काय शिकलो याची नोंद तारखेसह वहीत ठेवा. पुढे तक्रार करावी लागली, तर हीच वही उपयोगी पडते.

सुरक्षितता आणि इतर हक्क

आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या सोयी कारखान्यातील कामगारांप्रमाणेच शिकाऊ उमेदवारालाही मिळाल्या पाहिजेत. योग्य काचेचा हेल्मेट, चामड्याचे हातमोजे, ॲप्रन आणि सुरक्षा बूट यांशिवाय आर्क पेटवू नका. काचेशिवाय आर्ककडे पाहिल्यास त्रास लगेच जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. तेव्हा डोळे चोळू नका, डॉक्टरांना दाखवा.

गॅस कटिंग करताना ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. त्यामुळे भडका उडू शकतो. जस्ताचा थर असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर श्वासात गेल्यास ताप येतो, म्हणून असे काम मोकळ्या हवेत किंवा धूर खेचणारा पंखा लावूनच करा.

याशिवाय पुढील हक्क लक्षात ठेवा :

- उमेदवाराला नगावर पैसे देता येत नाहीत. ‘जितके गेट बनवाल तितके पैसे’ असा व्यवहार शिकाऊ उमेदवारासोबत करण्यास कायद्याने मनाई आहे.
- शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम लावता येत नाही.
- प्रशिक्षणाच्या ओघात दुखापत झाल्यास भरपाईची जबाबदारी नियोक्त्याची असते. शिकाऊ उमेदवाराला पीएफ आणि ईएसआयचे कायदे लागू होत नाहीत, म्हणून हे कलम महत्त्वाचे आहे. छोट्या दुखापतीचीही नोंद करून घ्या.

करार स्वीकारण्यापूर्वी तपासा

१. नाव आणि जन्मतारीख आधारप्रमाणे आहे का?

२. व्यवसायाचे नाव ‘वेल्डर’ किंवा तुम्हाला हवा असलेलाच व्यवसाय आहे का? काम वेल्डिंगचे आणि करार दुसऱ्याच व्यवसायाचा असेल, तर प्रमाणपत्रही त्या दुसऱ्या व्यवसायाचेच मिळेल.

३. सुरू होण्याची आणि संपण्याची तारीख कोणती?

४. विद्यावेतनाचा आकडा किती?

५. करार पोर्टलवर तुमच्या खात्यात दिसतो का?

पाचवा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘कागद नंतर करू, आधी कामाला लाग’ असे कोणी म्हणत असेल, तर ते दिवस प्रशिक्षणात धरले जात नाहीत. कराराची प्रत डाउनलोड करून स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तक्रार कुठे करायची?
आधी आस्थापनेत लेखी द्या. मार्ग निघाला नाही, तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे अर्ज करा. महाराष्ट्रात त्यासाठी जिल्ह्यातील शासकीय आयटीआय किंवा मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रात चौकशी करा. केंद्र शासनाच्या आस्थापना आणि चार किंवा अधिक राज्यांत काम करणाऱ्या कंपन्यांसाठी प्रादेशिक कौशल्य विकास व उद्योजकता संचालनालय आहे. सल्लागाराचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांच्या आत शिकाऊ उमेदवारी परिषदेकडे अपील करता येते.

मुली वेल्डर होऊ शकतात का?
होय. पात्रता, विद्यावेतन आणि प्रमाणपत्र सर्वांसाठी सारखेच आहे.

एजंट नोंदणीसाठी पैसे मागतो. द्यावेत का?
नाही. नोंदणी विनामूल्य आहे. ती स्वतः करता येते. अडचण आल्यास जवळच्या शासकीय आयटीआयमध्ये मदत मागा.

मी दोन वर्षे हेल्पर आहे. ती वर्षे धरली जातील का?
नाही. प्रशिक्षण कराराच्या तारखेपासून मोजले जाते. पण तुमचा हात बसलेला असल्यामुळे शिकणे सोपे जाईल. त्याच मालकाकडे नोंदणीकृत करार करता येईल का, हे आजच विचारा.