मोरीच्या दरजा भरताना हातपाय सांभाळा

काही महिन्यांपूर्वी एक सेवानिवृत्त गुरुजी गुडघे दाखवायला दवाखान्यात आले. दोन्ही गुडघ्यांवर रुपयापेक्षा मोठे काळपट चट्टे आणि कडेने फोड. "कशानं भाजलं?" असे विचारल्यावर म्हणाले, "भाजलं कुठं, डॉक्टर? बाथरूमच्या फरशीच्या दरजा भरत होतो."

एवढ्याशा कामाला गवंडी येईना, म्हणून रविवारी स्वतःच बसले होते. पायजमा ओला झाला, तरी दोन तास गुडघे टेकून काम केले. तेव्हा काहीच जाणवले नाही. संध्याकाळी आग होऊ लागली, तेव्हा हळद लावली. जखमा भरायला सहा आठवडे लागले.

ओले सिमेंट चुन्यासारखेच दाहक असते. पांढरे सिमेंटही त्याला अपवाद नाही. निखाऱ्याचा चटका बसला की आपण हात मागे घेतो. सिमेंट मात्र दुखवल्याशिवाय तासन्‌तास कातडी जाळत राहते. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्यांना तर ते फार उशिरा कळते. शिवाय सिमेंटमधील क्रोमियममुळे काहींच्या हातांना चिवट इसब होते. गवंडीकाम करणाऱ्यांमध्ये आम्ही ते नेहमी पाहतो.

म्हणून भेगा तशाच ठेवाव्यात का? मुळीच नाही. भेगांत पाणी मुरते, शेवाळ धरते, झुरळे दडतात. फरशी निसरडी होते आणि म्हातारपणी एकदा पाय घसरला तर खुब्याचे हाड मोडून माणूस अंथरुणाला खिळतो. भिंतीला ओल येऊन बुरशी धरली की दम्याच्या रोग्यांना त्रास होतो. तेव्हा दरजा भराव्यातच, पण पुढील काळजी घेऊन.

मोरी आधी एक दिवस कोरडी ठेवावी. भुगा झालेला जुना माल टोकदार हत्याराने खरवडून काढावा. त्या वेळी डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर रुमाल असावा. काम रबरी हातमोजे घालूनच करावे. गुडघे न टेकता पाटावर बसावे. कपडा ओला झाला की लगेच बदलावा. दरजा भरल्यावर निदान एक दिवस तेथे पाणी सांडू नये. फरशी ठोकल्यावर पोकळ आवाज आला किंवा तीच भेग पुन्हा पडली, तर दोष खालच्या थरात आहे असे समजून गवंड्यालाच बोलवावे.

बऱ्याच घरांत फरशी चकचकीत राहावी म्हणून वरचेवर ॲसिड टाकतात. तेच ॲसिड दरजांमधील सिमेंट खाते. शिवाय ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद मोरीत त्याने जीव गुदमरतो. या दोन वस्तू कधीही एकत्र वापरू नयेत. रोजच्या सफाईला साबणाचे पाणी आणि ब्रश पुरेसा आहे.

सिमेंट अंगाला लागलेच तर ओले कपडे ताबडतोब काढावेत. कोरडी पूड आधी झटकावी. मग वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे ती जागा धुवावी. हळद, टूथपेस्ट, लिंबू यांपैकी काहीही लावू नये. डोळ्यात उडाले तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ पाण्याने धुवावे आणि दुखो वा न दुखो, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. कातडी काळी किंवा पांढरी पडली, फोड आले, तर डॉक्टरांकडे जावे.

गुरुजींचे गुडघे आता बरे आहेत, चट्टे मात्र राहिले. उरलेल्या दरजा त्यांनी परवा भरल्या. रबरी हातमोजे घालून, पाटावर बसून.