धूर नसताना वाजणारा भोंगा

मोरा बंदर हे उरणच्या टोकाला, मुंबई बंदरासमोर वसलेले. भाऊच्या धक्क्यावरून येणाऱ्या लाँचमुळे ते मुंबईकरांना परिचित आहे. जानेवारी २०२४ मध्ये उपनगरी रेल्वे उरणपर्यंत पोहोचली, त्याच महिन्यात अटल सेतूही खुला झाला. परिणामी उरण, द्रोणागिरी, उलवे या पट्ट्यात बहुमजली संकुलांची भर पडत आहे. अशा इमारतींत उद्‌वाहन आणि अग्निशामक नळांबरोबर छताला लावलेला स्मोक डिटेक्टरही येतो. मात्र समुद्रकाठच्या दमट हवेत या उपकरणाची एक तक्रार हमखास ऐकू येते. आग नाही, धूर नाही, तरी भोंगा वाजतो.

याचे कारण उपकरणाच्या कार्यपद्धतीत आहे. घरगुती वापरातील डिटेक्टर प्रामुख्याने दोन प्रकारचे असतात. प्रकाशीय प्रकारात एका काळोख्या कप्प्यात प्रकाशकिरण सोडलेला असतो. धुराचे कण आत शिरले की प्रकाश विखुरतो, तो संवेदकावर पडतो आणि इशारा मिळतो. आयनीभवन प्रकारात अमेरिशियम-२४१ या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो. त्यामुळे हवेतून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहतो. धुराचे कण त्यात अडथळा आणतात आणि प्रवाह घटताच भोंगा वाजतो. दोन्ही प्रकारांत यंत्र धूर ‘ओळखत’ नाही, ते केवळ हवेतील कण ताडते. वाफेचे जलबिंदूही प्रकाश विखुरतात आणि विद्युतप्रवाहात व्यत्यय आणतात. यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच.

हवेतील आर्द्रता कितीही वाढली, तरी केवळ तेवढ्याने भोंगा सहसा वाजत नाही. ओलावा घनरूप होऊन त्याचे थेंब बनले की अडचण सुरू होते. गीझरच्या कढत पाण्याने स्नान आटोपून दार उघडले की वाफेचा लोट बाहेर येतो. वातानुकूलित खोलीचे दार पावसाळ्यात उघडे राहिले की बाहेरची उष्ण, ओली हवा थंड उपकरणावर दव धरते. प्रेशर कुकरची शिट्टी, भाद्रपदात उघडलेले मोदकपात्राचे झाकण, घरातच वाळत घातलेले कपडे या साऱ्यांची त्यात भर पडते. कप्प्यात धूळ साचलेली असेल तर ती ओलावा धरून ठेवते आणि यंत्र अधिकच हळवे होते. खाऱ्या हवेत तर हा त्रास वाढतो, कारण मिठाचे कण स्वभावतःच ओलावा शोषतात.

जागा बदला, यंत्र नव्हे

बहुतेक वेळा दोष यंत्राचा नसून त्याच्या जागेचा असतो. स्वयंपाकाच्या शेगडीपासून डिटेक्टर किमान तीन मीटर, तर स्नानगृहाच्या दारापासून आणि वातानुकूलन यंत्राच्या झोतापासून किमान तीन फूट दूर असावा, असा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. त्याची योग्य जागा म्हणजे शयनगृह आणि त्याबाहेरील वावरण्याची वाट. स्वयंपाकघरात उष्णतेवर चालणारा संवेदक लावावा. ठरावीक तापमान, साधारणपणे ५७ अंश सेल्सिअस, ओलांडले की तो वाजतो. वाफ वा फोडणीचा धूर त्याला फसवू शकत नाही. तापमान झपाट्याने वाढताच वाजणारा प्रकार मात्र स्वयंपाकघरात टाळावा.

उरलेले उपाय घरातलेच आहेत. स्वयंपाक सुरू करताना चिमणी वा एक्झॉस्ट पंखा लावावा, स्नानानंतरही तो दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा. आंघोळ आटोपताच दार सताड उघडू नये, आधी खिडकी उघडावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर डिटेक्टरची धूळ व्हॅक्यूम क्लीनरने हलकेच काढावी. पाण्याचा वा फवाऱ्याचा वापर करू नये. दहा वर्षे झालेला डिटेक्टर बदलावा.

बंद केलेला भोंगा

हे सारे सांगण्याचे कारण निव्वळ गैरसोय नाही. ‘लांडगा आला रे आला’ असे वारंवार झाले की माणसे भोंग्याकडे दुर्लक्ष करू लागतात. मग कोणी बॅटरी काढतो, कोणी डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधतो, तर एखाद्या सोसायटीत रात्रपाळीचा रखवालदार कटकट नको म्हणून मुख्य फलकच मूक करून ठेवतो. अमेरिकेतील आकडेवारीनुसार घरांना लागलेल्या आगींतील सुमारे पाचपैकी तीन मृत्यू, डिटेक्टर नसलेल्या किंवा असूनही न चालणाऱ्या घरांत होतात. झोपेत धुराचा वास जाग आणीलच, याची खात्री नसते. भोंगा मात्र जागे करतो.

इमारतीच्या एकत्रित यंत्रणेतील डिटेक्टर रहिवाशाने स्वतः हलवू नये. वारंवार खोटा इशारा होत असेल, तर कोणत्या खोलीत, कोणत्या वेळी, काय चालू असताना तो झाला याची नोंद ठेवावी आणि ती सोसायटीमार्फत परवानाधारक संस्थेकडे द्यावी. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र अशा संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलैमध्ये, घ्यावे लागते. जुलैची तपासणी ऐन पावसाळ्यात येते. ओलाव्याच्या तक्रारी मांडण्यास आणि संवेदकाची जागा वा प्रकार बदलून घेण्यास याहून योग्य वेळ नाही. प्रमाणपत्र फाइलला लावण्यापूर्वी सभासदांनी एवढे जरूर विचारावे, की आपल्या मजल्यावरचा भोंगा खरोखर चालू आहे ना?