पाय अडतो कुठे?

कराटेचा वर्ग सिद्धेश्वरला भरो की हिंगोलीत, नवी मुलं पाय फाकवून बसू लागली की ठरावीक कोनात अडकतात. मांडीत कळ येते आणि मुलं म्हणतात, "सर, शीर आखडली."

शीर नव्हे, स्नायू. तोही बहुधा आखूड नसतो. स्नायूच्या आत ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक असतात. लांबी झपाट्याने वाढली की ते मज्जारज्जूला खबर देतात आणि मेंदूची वाट न पाहता तिथूनच आकुंचनाचा हुकूम सुटतो. आडात पोहरा सोडताना दोर भसाभस सुटू लागला की मूठ आपोआप आवळते, तसंच हे. म्हणून हिसके वाया जातात. सावकाश ताणून सुमारे 30 सेकंद थांबलं तर हा विरोध मावळतो.

काही आठवड्यांनी पाय जास्त उघडतात. स्नायू लांबला असं वाटतं, पण सुरुवातीला बदलते ती मुख्यतः ताण सोसण्याची तयारी. लवचिकपणा आधी मज्जासंस्था शिकते! मुलाच्या पाठीवर भार देऊन दाबणारा शिक्षक तिला उलट धोक्याचाच धडा देतो. हे थांबायलाच हवं.

मल्लखांबातही खांबावर चढण्याआधी अंग गरम करतात, कारण गरम स्नायू सहज ताणतो.

खुब्याच्या खोबणीची ठेवण मात्र ज्याची त्याची वेगळी. कळ मांडीत न येता खुब्यात टोचत असेल, तर हाड आडवं आलेलं असू शकतं. शिक्षकाने कळ कुठे येते ते विचारावं आणि खुब्यात येत असेल तर तिथेच थांबवावं.