स्पेनच्या वाइनमध्ये खोबरं कुठून आलं?

स्पेनच्या रिओहा भागातली जुन्या वळणाची रेड वाइन पेल्यात ओता आणि पेला नाकाशी न्या. आधी चेरी येते, मागोमाग व्हॅनिला, आणि मग चक्क खोबरं! उत्तर स्पेनमधल्या एब्रो नदीच्या खोऱ्यात नारळाचं झाड औषधालाही सापडायचं नाही. मग हा वास आला कुठून?

द्राक्षातून तर नक्कीच नाही. इथली मुख्य जात टेम्प्रानियो. जाड सालीची, लवकर पिकणारी, चेरी आणि आलुबुखारच्या चवीची. खोबरं येतं पिंपातून! रिओहाची पिंपं पिढ्यान् पिढ्या अमेरिकेतल्या पांढऱ्या ओकची. या लाकडात लॅक्टोन नावाचे सुगंधी पदार्थ भरपूर असतात, आणि खोबऱ्याला त्याचा वास देणारे पदार्थही याच कुळातले. व्हॅनिलाची गोष्ट तर आणखी सुंदर. फळ्या वाकवताना पीप आतून आगीवर शेकतात. त्या धगीने लाकडातलं लिग्निन मोडतं आणि व्हॅनिलिन सुटतं. व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच, तोच रेणू!

पण स्पेनच्या वाइनला अमेरिकेचं लाकूड कसं? एक म्हणजे अटलांटिकपार जहाजांची जुनी ये-जा. दुसरं कारण झाडाच्या आत आहे. हा ओक आपल्या वाहिन्या स्वतःच आतून बुजवून टाकतो. त्यामुळे तो करवतीने सरळ कापला तरी पीप गळत नाही. फ्रेंच ओक मात्र रेषेरेषेने फोडावा लागतो. त्यात लाकूड वाया जातं, खर्च वाढतो.

पिंपांची रीत आली फ्रान्सच्या बोर्दोहून. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुर्रिएता आणि रिस्काल या दोन मार्केसांनी, म्हणजे उमरावांनी, ती रिओहात आणली, पण तिला बळ दिलं एका किड्याने. फायलोक्सेरा! द्राक्षाच्या मुळांवर जगणारा, नजरेला जेमतेम दिसणारा. १८६०च्या दशकापासून त्याने फ्रान्सच्या बागा उभ्या वाळवल्या. बोर्दोचे व्यापारी वाइनच्या शोधात पिरेनीज पर्वत ओलांडून रिओहात उतरले. आरो गावात रेल्वे स्टेशनच्या आजूबाजूला वाइनची कोठारं उभी राहिली. तिथलं लोपेस दे एरेदिया १८७७चं, आणि ते आजही आपली पिंपं स्वतः बनवतं.

शतक संपता संपता किडा रिओहातही पोचला. तो मूळचा अमेरिकेचा, म्हणून त्याला तोंड देणारी मुळंही अमेरिकन वेलींचीच. त्या खुंटांवर टेम्प्रानियोची कलमं भरली आणि बागा वाचल्या. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला हे नवं नाही. तो डॉगरीज खुंटावर कलम भरतो ते पाण्याची टंचाई आणि खारट जमीन यांच्यासाठी, पण तो खुंटही अमेरिकन रक्ताचाच. कीड, मूळ आणि लाकूड, तिन्ही अमेरिकेचं, आणि चव मात्र अस्सल रिओहाची!

आता काळ काय करतो ते बघा. क्रिआन्सा या दर्जाची रिओहा किमान दोन वर्षं मुरते, त्यातलं एक २२५ लिटरच्या पिंपात. ग्रान रेसेर्वा या वरच्या दर्जाची किमान पाच वर्षं. कोवळ्या वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून कच्च्या जांभळासारखी तोंडाला मिठी बसते. पिंपात लाकडातून हवा कणाकणाने झिरपते, टॅनिनचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तुरटपणा मऊ होतो. जांभळट रंग विटकरीकडे झुकतो. फळांचा ताजेपणा ओसरून सुकं अंजीर, चामडं, तंबाखूचं पान यांचे वास वर येतात.

ही वाइन कोणत्या जेवणाबरोबर घ्यावी, हे कोडंही इथेच सुटतं. रिओहात कोकराच्या बारीक चॉप छाटलेल्या द्राक्षकाड्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. मांसाची प्रथिनं टॅनिनला स्वतःकडे ओढतात, लाळ सुटी होते, चरबीचा चिकटपणा धुऊन निघतो आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. चोरिसो सॉसेज घातलेल्या बटाट्याच्या रश्शाबरोबर क्रिआन्सा घ्यावी. म्हाताऱ्या ग्रान रेसेर्वाला मात्र मी भाजलेले मशरूम किंवा मुरलेलं मेंढीचं चीज देईन. झणझणीत तांबड्या रश्शाशी यातल्या कुणाचंच जमणार नाही, कारण अल्कोहोल मिरचीची आग आणखी भडकवतं.